माझ्या भावाचं दुखणं आणि आम्ही बाकीचे

सरकारी नोंदीत आमच्या घरात सिकलसेलचा, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, पेशंट एकच आहे, माझा धाकटा भाऊ सोनू. त्याच्या कार्डावर नाव, वय, रक्तगट आणि पुढे ‘एसएस’ ही दोन अक्षरं, म्हणजे आजार असलेला. आई, बाबा आणि मी ‘एएस’, म्हणजे वाहक, स्वतः आजारी नाही पण दोष पुढे देऊ शकणारे. वाहकाला गोळी नाही, पुढच्या तपासणीची तारीख नाही, त्याला कुणी काही विचारतही नाही. नोंदीत चूक काहीच नाही. पण त्या एका कार्डाने आमच्या घरातल्या प्रत्येकाचं वेळापत्रक ठरवलं, कुणी कधी जेवायचं, कुणी काय मागायचं आणि कुणी गप्प बसायचं हेही ठरवलं. त्याबद्दल आम्ही आपसातसुद्धा फारसं बोललेलो नाही. म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनीच्या बाजूला. धानाचा मुलूख. विदर्भात हा आजार नवा नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 1958 मध्येच लिहून ठेवलंय. सोनू जन्मला तोवर त्या लेखाला चाळीसहून जास्त वर्षं उलटून गेली होती, आणि तरी आमच्या गावात कुणाला या दुखण्याचं नाव ठाऊक नव्हतं. अंग दुखणारी, डोळे पिवळे असणारी, वाढ न होणारी पोरं मात्र गावात नेहमीच होती. ‘नाजूक आहे’ एवढंच त्यांच्याबद्दल बोललं जायचं.

सोनू जन्मला तेव्हा चांगला गुटगुटीत होता. या आजाराचं हे फार फसवं रूप आहे. पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन शिल्लक असतं, ते त्याला सांभाळून घेतं. ते ओसरलं की आजार वर येतो. एका सकाळी त्याच्या हातापायांचे पंजे सुजून टम्म झाले. कुणी हात लावला की किंकाळी. आजीने दृष्ट काढली. मग काविळीचा पाला आणून झाला, गळ्यात दोरा बांधून झाला. पोट पुढे आलं तेव्हा कुणीतरी जंताचं औषध सांगितलं. असं करत दोन वर्षं गेली. एकदा ताप उतरेना म्हणून बाबांनी त्याला नागपूरला मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं आणि तिथे रक्ताची तपासणी झाली.

तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरने केसपेपरच्या मागच्या बाजूला पेनाने चौकोन काढून बाबांना समजावून सांगितलं. मीही तिथेच उभी होते. तेव्हा कळलं नाही. पुढे बीएस्सीला शिकताना ते चौकोन परत समोर आले. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, बदल फक्त तेवढाच. ऑक्सिजन कमी पडला की अशी तांबडी पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, मागचं रक्त तुंबतं आणि पुढच्या हाडामांसाला काही पोचत नाही. ते दुखणं म्हणजे हाडाचा तो भाग उपाशी राहिल्याचं दुखणं. साधी तांबडी पेशी 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत मोडते. म्हणून रक्त सतत कमी आणि डोळे पिवळे. आई आणि बाप दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात एसएस मूल होण्याची शक्यता 25 टक्के. मागचं मूल चांगलं निघालं म्हणून पुढच्या खेपेला ती बदलत नाही.

दोघंही. डॉक्टरने हा शब्द बाबांना दोनदा सांगितला होता. घरी पोचेपर्यंत त्यातला एकच जण उरला.

“आमच्या खानदानीत असं कोनालेच नव्हतं,” आजी म्हणाली. आईच्या माहेराकडे बोट गेलं. तिच्या दुधात दोष निघाला, तिने पोटुशी असताना काय खाल्लं ते निघालं. बाबा आजीला दुजोरा देत नव्हते, पण तिला थांबवतही नव्हते. स्वतःची तपासणी करायला त्यांनी फार दिवस लावले. “मले काय झालं? मी तर पोतं उचलतो,” म्हणायचे. राइस मिलमध्ये काम करणारा, कधी आजारी न पडणारा माणूस. पुढे गावात शिबिर झालं तेव्हा सरपंचाच्या आग्रहाखातर त्यांनी बोट पुढे केलं. आधी सोल्युबिलिटी, म्हणजे पहिली साधी चाचणी, पॉझिटिव्ह आली. त्या चाचणीत वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी लागते, त्याचा रिपोर्ट नागपूरहून यायचा होता. तो आला: एएस. बाबांनी कागद आजीच्या पुढ्यात ठेवला. आजीला वाचता येत नव्हतं, त्यांनी वाचून दाखवला. त्या दिवसापासून आईच्या माहेराचा विषय बंद झाला. त्या आधीच्या वर्षांबद्दल आईला कुणी काही म्हटलं नाही. आईनेही कधी मागितलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी आजी अचानक आत्याच्या पहिल्या मुलाबद्दल बोलायला लागली. तो दीड वर्षाचा होऊन गेला होता. पोट फुगलं, पांढराफटक पडला आणि एका दिवसात गेला, असं ती सांगायची. या आजारात लहान मुलाच्या पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, अचानक रक्त साठतं आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. आत्याच्या मुलाला तेच होतं का, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण आजी एकेक नाव आठवू लागली. तिचा स्वतःचा एक मुलगा, तिच्या दिराची मुलगी. सगळ्यांचा दोष तेव्हा भुताखेतांच्या, नाहीतर कुणा बाईच्या माथी मारलेला होता. आजी रात्री उठून बसायची. घरात एका लेकराला सिकलसेल निघाल्यावर मागच्या पिढ्यांचे मृत्यूही असे पुन्हा उघडे पडतात, हे मला कुठल्या माहितीपत्रकात वाचायला मिळालेलं नाही.

आई सातवी शिकलेली. पण सोनूचं पोट रोज चाचपून पाणथरी किती बोटं खाली आली आहे हे तिला समजायचं. नागपूरच्या मेयो रुग्णालयातल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी तिचा हात धरून ते शिकवलं होतं. त्या बाईंबद्दल आमच्या घरात आजही आदराने बोलतात. ताप 101 च्या वर गेला की वाट बघायची नाही, रात्र असो की पाऊस असो, निघायचं. हिवाळ्यात अंघोळ ऊन पाण्याची आणि तीही उन्हं वर आल्यावर. बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, पोहायचं नाही, कारण गार पाण्यात दुखणं उठतं. पावसात भिजायचं नाही. बर्फाने शेकायचं नाही, गरम कापडाने शेकायचं. आजीने मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल कोमट करून पाय चोळायचे, हे तिचं काम ठरलेलं. दिवसभर पाणी प्यायला लावायचं, विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये तर तासातासाला. फॉलिक अॅसिडची गोळी रोज, आणि मोठा झाल्यावर हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल.

यातलं एकेक काम लहान आहे. पण ते रोज असतं, आणि कुणीतरी एकाने सतत लक्षात ठेवायचं असतं. ते लक्षात ठेवणं आईच्या वाट्याला आलं. तिची झोप मला आठवते. सोनूने कूस बदलली तरी ती उठायची. दुखणं उठायचं ते बहुतेक रात्रीच. आधी तो कण्हायचा, मग ओरडायचा, मग आवाज बसायचा. मांडीत, पाठीत, छातीत. “आई, माहा पाय कापून टाक,” असं तो म्हणाला होता. तो तेव्हा सहा वर्षांचा होता.

आणि तरी त्या दुखण्यावर विश्वास ठेवायला लोक तयार नसतात. सूज नाही, जखम नाही, एक्सरे चांगला. एका दवाखान्यात परिचारिकेने आईला तोंडावर सांगितलं होतं की पोरगा लाडावलाय, नाटक करतो. दुसरीकडे साधी तापाची गोळी देऊन बाकावर बसवून ठेवलं. मोठ्या माणसाला मॉर्फिन लागेल इतकं हे दुखणं असतं, हे वैद्यकाच्या पुस्तकात आहे. तालुक्याच्या ठिकाणी रात्री दोन वाजता ते माहीत असलेलं माणूस भेटणं हा नशिबाचा भाग होता. मला आजही वाटतं, आमच्या भागात या एका गोष्टीवर काम झालं, म्हणजे दुखणं घेऊन आलेल्या लेकराचं आधी खरं मानायचं आणि लगेच औषध द्यायचं, तर कितीतरी घरांचा अर्धा जाच कमी होईल.

औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. खर्च दुसरीकडे होतो. आषाढ-श्रावणात रोवणा, म्हणजे धानाची लावणी असते. आमच्याकडे बायकांच्या हातात वर्षाचा खरा पैसा येतो तो या दिवसांत. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, काढायचे, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कंबर मोडून लावायचे. आणि तेच दिवस ओलीचे, गारठ्याचे, तापाचे, म्हणजे सोनूचं दुखणं उठण्याचे. आई रोवण्याला गेली आणि मधूनच परत आली, असं किती हंगाम झालं. रोवण्याच्या गटातल्या बायका चांगल्या होत्या, पण गट ठरलेल्या संख्येने बांधी घेतो, सतत गळणाऱ्या बाईला कोण धरणार? पुढे पुढे तिला बोलावणं येईनासं झालं. ही गेलेली मजुरी कुठल्याही योजनेच्या रकान्यात बसत नाही. नागपूरला भरती केलं की बाबांची मिलची मजुरीही बुडायची, वर बसभाडं, वरच्या वरच्या तपासण्या, नातेवाइकाने व्हरांड्यात झोपून काढलेल्या रात्री आणि बाहेरचं जेवण. तिसरं मूल नको, हे त्यांनी त्याच काळात ठरवलं. पोटातल्या बाळाची तपासणी दहा-बारा आठवड्यांत करता येते हे त्यांना कुणी सांगितलं असतं, तरी ते धजावले असते असं मला वाटत नाही.

आता माझ्याबद्दल. मी शहाणी मुलगी होते. असं सगळे म्हणायचे, आणि ते ऐकून मी आणखी शहाणी व्हायचे. आई-बाबा सोनूला घेऊन निघाले की आजी आणि मी घरी. तिसरी-चौथीत मला भाकरी येत होती. शाळेच्या सहलीचा कागद मी दप्तरातून बाहेर काढायचेच नाही, कारण त्या वेळी पैसे मागणं योग्य नाही हे मला न सांगता कळायचं. ताप आला तर अंगावर काढायचे. ताप हा शब्द आमच्या घरात सोनूचा होता. तान्ह्या पोळ्याला सगळी पोरं लाकडी बैल सजवून दारोदार जायची, सोनूला एवढं चालवायचं नाही म्हणून त्याचा बैल मी ओढायचे. बोजारा, म्हणजे दारोदार मिळणारी ओवाळणी, गोळा व्हायचा तो त्याच्या हातात. मला भावाचा राग यायचा. तो झोपलेला असताना त्याचा बारीक पिवळट चेहरा पाहिला की रागाची भीती वाटायची, आपल्या रागाने त्याला काही झालं तर?

मला कुणी वाईट वागवलं नाही, हे नीट सांगायला हवं. आई माझ्या वेण्या घालताना तिचा कान आतल्या खोलीकडे असायचा, इतकंच. दहावीच्या निकालाच्या दिवशी ती दवाखान्यात होती. मी चांगल्या टक्क्यांनी पास झाले, बाबांना फोन केला, त्यांनी “हो का, बरं झालं,” म्हणून फोन ठेवला कारण डॉक्टर राउंडला आले होते. रात्री बाबा एकटे घरी आले ते पेढे घेऊन. आजी, मी आणि बाबा, तिघांनी एकेक पेढा खाल्ला. आईचा आणि सोनूचा वाटा सकाळच्या बसने गेला.

पुढे एका शिबिरात बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, बदलता येईल का हे बघायला भावंडांचे नमुने घेतले. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात, दुखत काहीच नाही. पेशींचा प्रकार पूर्ण जुळणारं सख्खं भावंड असेल तर हा आजार बरा होऊ शकतो. वाहक भावंडही दाता होऊ शकतं. जुळण्याची शक्यता तीही 25 टक्के. रिपोर्ट येईपर्यंतचे ते आठवडे मी कधी विसरणार नाही. घरात पहिल्यांदा माझ्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. आजी मला दूध देऊ लागली. सोनू म्हणायचा, “ताई, तुहं रक्त आलं तर मी पोह्याले जाईन.” जुळलं नाही. आई म्हणाली, “जाऊ दे,” आणि चुलीपुढे बसली. मी परसात जाऊन खूप रडले. त्याला बरं करता येणार नाही म्हणून रडले, आणि आता परत सगळं पहिल्यासारखं होणार म्हणूनही. ही दोन दुःखं मला आजही वेगळी करता येत नाहीत.

शाळेत सोनूचं वेगळं चालायचं. या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून मूल सारखं पाणी पितं आणि सारखं बाहेर जायला मागतं. गुरुजींना ते खोडकरपणाचं वाटायचं. परवानगी मिळत नाही म्हणून तो पाणीच प्यायचा नाही, आणि संध्याकाळी पाय दुखायला लागायचे. शेवटी बाबा, जे कधी कुणाशी वाद घालत नाहीत, ते मिलमधून तसेच कोंड्याने भरलेल्या कपड्यांनी शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांपुढे कार्ड ठेवलं. दहावीच्या बोर्डाला त्याला तासाला वीस मिनिटं जादा मिळाली. त्याचा फॉर्म भरताना वर्गशिक्षिका बाईंनी स्वतः धावपळ केली.

गावात ‘आमच्या समाजाचा आजार’ म्हणून यावर शिक्का होता, तोही आम्ही वागवला. आम्ही बौद्ध. पण हा दोष जसा आमच्यात आहे तसा गोंडांत, माडियांत, नंदुरबारकडच्या भिल्ल-पावरांत आहे, तेली-कुणब्यांतही आढळतो. जिथे पिढ्यान्पिढ्या मलेरिया होता तिथे वाहक माणसं त्यातून जास्त वाचली आणि तो टिकला. अॅलिसन या डॉक्टरने आफ्रिकेत 1954 मध्ये ते दाखवून दिलं. आपापल्यातच सोयरीक करत राहिल्याने वाहकाला वाहक भेटत गेला. बाबासाहेबांनी जातीबाहेरच्या लग्नाचा आग्रह धरला तो माणुसकीच्या कारणाने. आमच्या रक्तालाही त्याचा उपयोग झाला असता, हा विचार दरवर्षी दीक्षाभूमीवर माझ्या मनात येतो. अर्थात जात बदलली म्हणून धोका टळत नाही, तपासणी करावीच लागते.

माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा मी एकच अट घातली, मुलाचा रिपोर्ट आधी. एएस असण्याला माझी हरकत होती, कारण मी एएस. नातेवाईक म्हणाले, असं विचारलं तर घरात काहीतरी आहे हे कळेल. कळलंच. एका ठिकाणी सगळं ठरत आलं होतं, त्यांना भावाचं समजलं आणि फोन बंद झाले. त्या मुलाचा रिपोर्ट त्यांनी काढलाच नव्हता. माझ्या पुढ्यात दुसरं घर आलं तेव्हा मुलाने स्वतःच जाऊन तपासणी करून आणली, साधा एए, म्हणजे दोष नसलेला. लग्न झालं. आम्हाला झालेली मुलगी वाहक असू शकते, रुग्ण नाही. तिचा रिपोर्ट हातात आला त्या दिवशी मी आईला फोन केला आणि आई फोनवर एकसारखी रडत राहिली. तिच्या वेळी असा एखादा कागद तिच्या हातात पडला नव्हता.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचं नाव आलं तेव्हा सोनू कॉलेजात जायच्या बेतात होता. प्रमाणपत्र मिळालं तर उच्च शिक्षणात राखीव जागा आहे. सरकारी नोकरीतल्या 4 टक्क्यांत मात्र रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. म्हणजे शिकवायचं आणि दारात थांबवायचं. हा अन्याय आहे आणि तो दुरुस्त व्हायला हवा. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन. तपासणी हवीच, ती वेळेवर झाली असती तर आईची ती वर्षं वाचली असती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. किंमत एका माणसाला 22 लाख डॉलर. सोनूने मोबाइलवर ती बातमी मला दाखवली, रुपयांत हिशेब करायचा प्रयत्न केला आणि पुढचा व्हिडिओ लावला. आमच्यासाठी खरा फरक पडला तो हायड्रॉक्सीयुरियाने. दुखण्याच्या खेपा कमी झाल्या, रक्त चढवणं कमी झालं. त्या कॅप्सूलचा साठा संपला असं तालुक्याला सांगतात तेव्हा आई बस धरून भंडाऱ्याला जाते.

सोनू आता मोठा झाला. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडल्याने थोडा लंगडतो. दुखणं उठलं तर सांगत नाही, खोलीचं दार लावून घेतो, आणि ते आम्हाला त्याच्या ओरडण्यापेक्षा जड जातं. आजी नाही आता. त्याने संगणकाचा कोर्स केलाय आणि त्याला पुण्यात काम मिळालंय, बसून करायचं. “ताई, मी पुण्याले जाऊन रायलो,” त्याने मला आधी फोन केला, आईला नंतर.

घरात पंधरा दिवस वाद झाला. तिकडची थंडी, खोलीवर कोण असणार, रात्री ताप आला तर. बाबांचं म्हणणं जाऊ द्यावं. सोनूने खोलीपासून जवळचं सरकारी रुग्णालय शोधून ठेवलंय, तिथे पहिल्याच आठवड्यात नोंदणी करायचं त्याने कबूल केलं आहे, आणि सोबत राहणाऱ्या मित्राला त्याचं कार्ड दाखवायचं हे मी त्याच्याकडून वदवून घेतलं. तो चिडला, पण हो म्हणाला. आई शेवटपर्यंत ना हो म्हणाली ना नाही. काल मात्र फोनवर तिने मला सांगितलं की तिने गटातल्या बायकांना निरोप पाठवलाय, यंदा ती रोवण्याचा पूर्ण हंगाम करणार आहे. कंबरेला झेपेल का विचारलं, तर म्हणाली, पऱ्हे टाकून झाल्यावर बघू.